संगीतगुरु पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या धर्मग्रामाचा, त्याच्या मंदिराचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा इतिहास ह्या महोत्सवी स्मरणिकेंत वाचकांस इतरत्र मिळेलच. आम्हीं मात्र ह्या पानांवर एका हिंदु गवयाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे. ख्रिस्ती मंदिराच्या महोत्सवांत हें कशास, असा प्रश्न कोणाच्या मनांत आल्यास त्यानें थोडा धीर धरावा; चरित्र संपतां संपतां उत्तर आपोआप मिळेल.

विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. घराण्याचें मूळ आडनांव गाडगीळ. पलूस गांवावरून पलुस्कर हें नांव पडलें. वडील दिगंबरपंत कीर्तनकार असल्यामुळें सूर व ताल ह्यांचा संस्कार घरांतच झाला. परंतु बालपणींच फटाका चेहऱ्याजवळ उडून डोळ्यांस मोठी इजा झाली, आणि पुस्तकी शिक्षणाची वाट जवळजवळ बंद झाली. तेव्हां मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्यापाशीं त्यांस गाणें शिकण्यास ठेवण्यांत आलें. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविणारे ते हेच बुवा.

त्या काळीं गायनविद्या मिळविणें म्हणजे काय दिव्य होतें, ह्याची आज कल्पना येणें कठीण आहे. शिष्यानें गुरूच्या घरीं राहावें, पडेल तें काम करावें, आणि गुरूच्या मनास येईल तेव्हां जें पदरीं पडेल तें कंठांत सांठवावें. लिहून घेण्याची सोय नाहीं, वेळापत्रक नाहीं, किती वर्षें लागतील त्याची निश्चिती नाहीं. घराण्याची चीज बाहेर जाऊं नये म्हणून ती जपून ठेवीत. असें असून ज्यानें ही विद्या कष्टानें मिळविली, त्यास समाजांत मान मात्र नव्हता. विष्णुबुवांच्या चरित्रांत एक प्रसंग नेहमीं सांगितला जातो. मिरजेंतील एका समारंभास संस्थानच्या मर्जीमुळें त्यांस बोलावणें आलें. त्यांच्या गुरूंस मात्र केवळ गवई म्हणून वगळण्यांत आलें. ह्या अपमानाचा सल त्यांच्या मनांत कायमचा राहिला. इ. स. १८९६ मध्यें त्यांनीं मिरज सोडली ती गायनविद्येस व गायकास प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या निश्चयानें.

बडोदें, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, मथुरा अशी भ्रमंती त्यांनीं केली. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यांतील गाणें त्यांनीं तिकीट लावून सर्वांसमोर आणिलें. अखेर ५ मे १९०१ रोजीं, जेथें मराठी माणूस विरळा अशा लाहोर शहरीं, त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. एकाच राजाच्या आश्रयावर न राहतां लोकांच्या वर्गणीवर व मैफलींच्या उत्पन्नावर तें चालविलें. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, छापील क्रमिक पुस्तकें, आणि स्वर व ताल कागदावर मांडण्याची स्वतःची लेखनपद्धति, हें सर्व तेथें होतें. कुलीन घरांतील स्त्रियांनीं गाणें शिकणें लज्जास्पद मानीत, अशा काळीं त्यांनीं स्त्रियांसही शिकविलें. कांहीं निवडक विद्यार्थ्यांस तर आपल्याच घरीं ठेवून, खाऊंपिऊं घालून, पुढें शिक्षक होण्यासाठीं तयार केलें.

येथें आम्हांस युरोपांतील एका संन्याशाची आठवण होते. अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील अरेझ्झो येथें गुइदो नांवाचे बेनेडिक्टाइन मठवासी मंदिराच्या गायकमुलांस शिकवीत असत. एकेक गीत ऐकून पाठ करण्यांत मुलांचीं वर्षेंच्या वर्षें जात, ह्याचें त्यांस दुःख होई. त्यांनीं रेषांवर स्वर मांडण्याची रीत घालून दिली, आणि संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांच्या आद्याक्षरांवरून उत्, रे, मी, फा, सोल, ला हीं स्वरनामें योजिलीं. त्यामुळें पूर्वीं कधीं न ऐकिलेलें गीतही पाहून गातां येऊं लागलें. पोप एकोणिसावे योहान ह्यांनीं त्यांस रोमला बोलावून घेतलें व त्यांच्या पुस्तकावरून एक चरण स्वतः गाऊन पाहिला. सेमिनरींत आम्हीं सा रे ग म आणि दो रे मी हीं दोन्ही शिकलों, तेव्हां ह्या दोन गुरूंमध्यें नऊशें वर्षांचें अंतर असूनही तळमळ एकच होती, हें आमच्या ध्यानीं आलें. लाहोरची शाळा निघाल्यावर दोनच वर्षांनीं, १९०३ मध्यें, पोप संत दहावे पायस ह्यांनीं खेड्यापाड्यांतील मंदिरांतही गायनशाळा असाव्यात असा आग्रह धरिला, हाही योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

विष्णुबुवांनीं १९०८ मध्यें मुंबईस विद्यालय सुरू केलें व पुढें सँडहर्स्ट रोडवर त्यासाठीं मोठी इमारत उभारिली. त्याच नगरींत दुसरे एक विष्णु, पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६), उस्तादांकडून चिजा मिळवून त्या लिहून छापण्याचें कार्य करीत होते. एकाचा ओढा ग्रंथाकडे, तर दुसऱ्याचा शिष्याकडे. दोघांची स्वरलेखनाची रीतही वेगळी. तथापि बंद पेटी उघडावी हें दोघांचेंही ध्येय होतें.

पुढील दिवस कष्टाचे आले. इमारतीचें कर्ज फिटेना. मैफलींमागून मैफली करूनही तें वाढतच गेलें, आणि अखेर ती इमारत हातची गेली. घरींही दुःख कमी नव्हतें. अनेक अपत्यें बालपणींच निवर्तलीं. एकटा दत्तात्रेय राहिला. उत्तरायुष्यांत बुवांचें मन रामनामाकडे वळलें व नाशिक येथें त्यांनीं आश्रम केला. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेंतच त्यांचा देहान्त झाला. त्या वेळीं दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता, पुढें द. वि. पलुस्कर म्हणून तोही नामांकित गायक झाला.

इमारत गेली, म्हणून कार्य गेलें काय? मुळींच नाहीं. त्याच वर्षीं शिष्यांनीं एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य गांवोगांव विद्या घेऊन गेले. मंडळाच्या परीक्षांस आजही देशभरांतील मुलेंमुली बसतात. वर्गांत बसवून थोर गवई होत नाहीं, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई, व त्यांत तथ्यही आहे. परंतु सामान्य घरांतील मुलास शुद्ध सूर ओळखतां यावा, हें वर्गानेंच साधलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या बालपणीं ह्याच वसई भागांतील आमच्या गांवीं एक वृद्ध गायनशिक्षक होते. सर्व चाली त्यांच्या मुखीं होत्या. कागदावर एकही नव्हती. ते प्रभूघरीं गेले आणि त्यांच्याबरोबर कित्येक चालीही गेल्या. त्यांच्या हयातींत आम्हां मुलांपैकीं कोणीं त्या लिहून घेतल्या नाहींत, ही चूक आम्ही स्वतःच्या पदरीं घेतों. आपल्या आजीबाईंच्या कंठांतील लग्नगीतांचीही तीच गत होत आहे. व्हॅटिकन महासभेनें १९६३ मध्यें प्रत्येक लोकसमाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य मान द्यावा असें सांगितलें. पण जी परंपरा कोणी शिकवीतच नाहीं, तिला मान तरी कसा द्यावा?

ह्या महोत्सवांत आपण मंदिरास रंग दिला, दिवे लाविले, हें उचितच झालें. त्याबरोबर दर रविवारीं मिस्सेनंतर एक तास मुलांस स्वर व ताल शिकविणारा कोणी पुढें यावा, आणि ज्यांच्या घरीं वृद्ध गाणाऱ्या आहेत त्यांनीं हीं गीतें ह्याच वर्षीं लिहून घ्यावींत, अशी आमची विनंती आहे. सभागृहाची किल्ली आमच्यापाशीं आहे. ज्यास शिकवावयाचें आहे त्यानें ती घेऊन जावी.