तणावाच्या ग्रंथीतले जीवनसत्त्व

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात मोठमोठे कत्तलखाने होते. १९२९ च्या सुमारास तिथल्या गुरांच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी काढून जवळच्या रोचेस्टर गावी, मेयो क्लिनिकच्या प्रयोगशाळेत नेल्या जात. तिथे छत्तिशीतला एक हंगेरियन डॉक्टर त्यांचा अर्क काढत बसलेला असे. महिनोन्महिने खपल्यावर त्याच्या हाती सुमारे २५ ग्रॅम पांढरे स्फटिक आले.

या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. रुग्णालयांत त्यांना ॲड्रिनल या नावानेच ओळखतात. संकट आले की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके इथूनच रक्तात उतरतात. डॉक्टर शोधत होता असेच एखादे संप्रेरक. हाती लागले ते क जीवनसत्त्व. डॉक्टरचे नाव आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी.

आज ताण घटवणाऱ्या, कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या, शरीरातला दाह कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत क जीवनसत्त्व असते. त्या दाव्यात खरे किती आणि वाढवून सांगितलेले किती, हे समजून घ्यायला सेंट-ज्यॉर्जींचे आयुष्य उपयोगी पडते.

त्यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ चा, बुडापेस्टचा. आईच्या घरी विद्वत्तेची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोशेक हे नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. लहानपणी आल्बर्टला अभ्यासाची गोडी नव्हती आणि या मुलाच्या हातून काही होईल असे मामांना वाटत नव्हते. सोळाव्या वर्षाच्या आसपास मुलगा एकदम बदलला, वाचू लागला आणि १९११ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला लागला. मामांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत घेतले, पण पहिला विषय दिला तो गुदद्वाराच्या आवरणाचा. मामांना मूळव्याधीचा त्रास होता!

शिक्षण अर्धवट असतानाच पहिले महायुद्ध पेटले. सैन्यात वैद्यकीय कामावर असलेल्या आल्बर्टला शौर्यपदक मिळाले, पण दोन वर्षांत त्या संहाराची शिसारी आली. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि जखमी म्हणून घरी परतले. १९१७ मध्ये ते डॉक्टर झाले. युद्ध संपले तेव्हा देश मोडकळीला आला होता. पुढची वर्षे प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन अशी भटकंतीत गेली आणि मग ते हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठात पोचले.

तिथे त्यांनी एका साध्या गोष्टीवर काम सुरू केले. कापलेले सफरचंद किंवा बटाटा तपकिरी होतो, लिंबू मात्र होत नाही. असे का? दुसरीकडे ॲडिसनचा आजार त्यांच्या मनात घोळत होता. या आजारात ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, रोगी खंगत जातो आणि त्याची कातडी तांबूस-काळपट होते. फळाचा तपकिरीपणा आणि रोग्याच्या कातडीचा रंग यांत काही नाते असेल का? कल्पना धाडसी होती आणि पुढे ती चुकीची ठरली. पण तिच्यामागे जाताना त्यांना दिसले की, लिंबाच्या रसात एक असा पदार्थ आहे जो रंग येण्याची रासायनिक क्रिया क्षणभर रोखून धरतो. तसाच पदार्थ ॲड्रिनल ग्रंथीतही भरपूर होता. हेच त्या ग्रंथीचे संप्रेरक असावे, असे त्यांना वाटू लागले.

मात्र ग्रोनिंगेनमधले त्यांचे पाठीराखे प्राध्यापक वारले आणि नव्या प्रमुखांना या कामात रस नव्हता. पैसा संपला. पत्नी कोर्नेलिया आणि लहान मुलगी नेली यांना त्यांनी बुडापेस्टला माहेरी धाडले आणि स्वतः इतके निराश झाले की जगणे नकोसे वाटू लागले. तशा मनःस्थितीतच १९२६ मध्ये ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. केंब्रिजचे सर फ्रेडरिक हॉपकिन्स भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी या अनोळखी हंगेरियन माणसाच्या संशोधनाचा उल्लेख एकदा नव्हे, तीनदा केला. भाषण संपल्यावर सेंट-ज्यॉर्जी त्यांना जाऊन भेटले. हॉपकिन्सनी त्यांना केंब्रिजला बोलावून घेतले आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीमुळे घर पुन्हा उभे राहिले.

केंब्रिजमध्ये तो पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळाला. तो शर्करेच्या जातकुळीतला होता, पण त्याची घटना उमगली नव्हती. सेंट-ज्यॉर्जींनी त्याला आपले अज्ञान सुचवणारे एक गमतीदार नाव दिले. नियतकालिकाच्या संपादकांनी ते फेटाळले. मग त्यांनी याचे उत्तर देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे दुसरे नाव पाठवले. तेही परत आले. शेवटी १९२८ मध्ये हेक्झुरॉनिक आम्ल या रुक्ष नावाने शोधनिबंध छापला गेला. घटना शोधण्यासाठी आणखी माल हवा होता, म्हणून मेयो क्लिनिकमधील एडवर्ड केंडॉल यांच्याकडचे ते वर्ष. तिथे मिळालेल्या २५ ग्रॅमपैकी बराच भाग त्यांनी बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ या रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवला. तोही पुरला नाही.

१९३१ च्या सुमारास ते मायदेशी, सेगेड विद्यापीठात प्राध्यापक झाले. पिट्सबर्गमध्ये चार्ल्स किंग यांच्या हाताखाली क जीवनसत्त्वावर काम केलेला जोसेफ स्वर्बेली हा तरुण तिथे दाखल झाला. सेंट-ज्यॉर्जींनी उरलेले स्फटिक त्याच्या हाती दिले. माणसाप्रमाणेच गिनी पिगलाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, त्यामुळे ते अन्नातून न मिळाल्यास त्याला स्कर्व्ही होते: हिरड्यांतून रक्त, सांध्यांत रक्तस्राव, शेवटी मृत्यू. स्वर्बेलीने काही गिनी पिगना जीवनसत्त्वहीन अन्नाबरोबर रोज १ मिलीग्रॅम हेक्झुरॉनिक आम्ल दिले आणि काहींना दिले नाही. न मिळालेले स्कर्व्हीने मेले, मिळालेले ठणठणीत राहिले. संप्रेरक समजून शोधलेला पदार्थ म्हणजे दर्यावर्दींना शतकानुशतके छळणाऱ्या रोगावरचा उतारा होता. १९३२ च्या एप्रिलमध्ये किंग आणि सेंट-ज्यॉर्जी या दोघांचे निबंध दोन आठवड्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले आणि शोध कोणाचा यावरून वाद पेटला.

आता अडचण मालाची होती. सेगेड हा लाल पाप्रिका मिरचीचा मुलूख. एका संध्याकाळी पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून सेंट-ज्यॉर्जी ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळले की ती क जीवनसत्त्वाचे भांडारच आहे. काही आठवड्यांत किलोच्या हिशेबाने स्फटिक जमले. ते त्यांनी जगभरच्या संशोधकांना वाटले. १९३३ मध्ये हॉवर्थ यांनी घटना उलगडली आणि दोघांनी मिळून स्कर्व्ही हटवणारे या अर्थाने ॲस्कॉर्बिक आम्ल हे नाव ठेवले. १९३७ मध्ये सेंट-ज्यॉर्जींना वैद्यकाचे, तर हॉवर्थ यांना पॉल कारर यांच्याबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

याच काळातला एक प्रसंग कमी सांगितला जातो. रक्तवाहिन्या नाजूक होऊन त्वचेखाली रक्त साकळणाऱ्या रुग्णांना अशुद्ध अर्काने गुण येतो, शुद्ध क जीवनसत्त्वाने येत नाही, असे दिसले. सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांचे सहकारी इश्तवान रुस्न्याक यांनी १९३६ मध्ये लिंबातील काही रंगद्रव्यांना पी जीवनसत्त्व असे नाव देऊन टाकले. पण त्यांच्या अभावाने नेमका आजार होतो, हे काही सिद्ध झाले नाही. १९५० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या समितीने हे नाव रद्द करण्याची शिफारस केली. एकाच प्रयोगशाळेतून निघालेले दोन दावे. गिनी पिगच्या कसोटीवर एक टिकला, दुसरा गळाला.

ॲड्रिनल ग्रंथीचे कोडे तोवर दुसरीकडे सुटत होते. १९३६ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी दाखवले की, थंडी असो, इजा असो वा विष, उंदरांच्या शरीराची प्रतिक्रिया सारखीच होते आणि ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात. ताणाच्या आधुनिक अभ्यासाची ही सुरुवात. केंडॉल यांनी मेयो क्लिनिकमध्ये चिकाटीने त्याच ग्रंथींतून खरी संप्रेरके वेगळी केली. १९४८ मध्ये तिथे फिलिप हेंच यांनी त्यांपैकी एक, कॉर्टिझोन, संधिवाताच्या रुग्णाला टोचले आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती चालू लागली. सेंट-ज्यॉर्जींना हवे होते ते हे. १९५० चे नोबेल केंडॉल, हेंच आणि ताडेउश राइखश्टाइन यांना मिळाले. राइखश्टाइन यांनीच १९३३ मध्ये क जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत शोधली होती.

मग या ग्रंथीत क जीवनसत्त्व करते काय? शरीरात ते सर्वाधिक दाटीने साठते अशा मोजक्या जागांपैकी ही एक. ॲड्रिनलिनचा भाऊबंद नॉरॲड्रिनलिन बनवणाऱ्या विकराला ते लागतेच. मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीचा आदेश आला की, कॉर्टिसॉलबरोबर ॲड्रिनलमधील क जीवनसत्त्वही रक्तात सोडले जाते. उंदरांत हे १९४० च्या दशकात दिसले आणि माणसांत २००७ मध्ये. म्हणजे नाते खरे आहे. पण साठा आहे म्हणून वरून ओतलेले जास्तीचे जीवनसत्त्व ताण उतरवेल, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

लांब पल्ल्याच्या धावपटूंवरील काही चाचण्यांत क जीवनसत्त्वाने शर्यतीनंतरचे कॉर्टिसॉल थोडे कमी दिसले, काहींत फरक पडला नाही. नियमित गोळ्यांनी सर्वसामान्यांची सर्दी टळत नाही. मात्र मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा अतिश्रमाच्या लोकांत सर्दीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून दाहाचा आगडोंब उसळलेल्या रुग्णांना शिरेतून मोठी मात्रा देण्याची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण जीवनसत्त्व घेतलेल्या गटात कमी नव्हे, उलट जास्त निघाले.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत येत नाही. कॉर्टिसॉल हे स्वतःच शरीराचे दाहशामक आहे. दम्याला, संधिवाताला दिली जाणारी स्टेरॉइड त्याचीच भावंडे. त्यामुळे कॉर्टिसॉल पाडून दाह कमी करण्याचा दावा ऐकताना थांबून विचार करायला हवा. ॲड्रिनल थकवा या नावाने सांगितला जाणारा आजारही संप्रेरकतज्ज्ञांना मान्य नाही. ॲडिसनचा आजार मात्र खरा आहे, आणि त्यात किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याने पूरक गोळीच्या भरवशावर औषध अचानक बंद केले तर जीव जाऊ शकतो.

सेंट-ज्यॉर्जींच्या स्वतःच्या वाट्याला ताण कमी आला नाही. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले आणि हंगेरीला हिटलरच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी केली. ते फुटले. युद्धाचा शेवटचा काळ त्यांनी गेस्टापोपासून लपत काढला. नंतर सोव्हिएत अंमलात गुदमरून १९४७ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि समुद्रकाठच्या वुड्स होल या गावी राहिले. दुसरी पत्नी मार्ता १९६३ मध्ये आणि मुलगी नेली १९६९ मध्ये कर्करोगाने गेली. उरलेले आयुष्य त्यांनी कर्करोगाचे मूळ शोधण्यात घालवले, पण ते हाती आले नाही. उतारवयात त्यांनाही क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचे आकर्षण वाटू लागले होते. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वुड्स होलमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

भारतातील शिफारस पुरुषांसाठी रोज ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलीग्रॅमची आहे. गर्भवती आणि स्तनदा मातांना त्याहून अधिक लागते. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असते, शिवाय आवळा, लिंबू आणि ढोबळी मिरची आहेच. रोज २०० ते ४०० मिलीग्रॅमपुढे रक्तातील पातळी फारशी वाढत नाही. जास्तीचे लघवीवाटे जाते. मोठ्या मात्रांच्या गोळ्या घेणाऱ्या स्वीडिश पुरुषांत मूतखड्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास आढळले. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे किंवा थॅलेसेमियासारख्या आजारामुळे शरीरात लोह साठते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत. आणि डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या पूरक गोळ्यांची बाटलीही बरोबर न्यावी. अनेकदा औषधांच्या यादीत तिचे नाव कोणी सांगतच नाही.