चाळीस वर्षे चाललेले बांधकाम

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधायला काढले की खर्चाचा अंदाज चुकतो, कारागीर मिळत नाहीत, पाणी नको तिथे झिरपते आणि हवे तिथे मिळत नाही, हा अनुभव सामान्य माणसाला नवा नाही. परंतु ज्याने एका राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला आणि पुढे त्या राष्ट्राचे अध्यक्षपद आठ वर्षे भूषविले, त्यालाही आपल्या घराने आयुष्यभर असेच झुंजविले. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातील एका टेकडीवर बांधलेले ‘मॉन्टिसेलो’ हे ते घर. १७६८ साली टेकडीचा माथा सपाट करण्यापासून सुरू झालेले त्याचे काम १८०९ पर्यंत चालले आणि त्यानंतरही काही ना काही उरलेच.

जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. वडील पीटर जेफरसन हे भूमापक आणि जमीनदार होते. थॉमस चौदा वर्षांचे असताना वडील वारले आणि हजारो एकर जमिनीचा मोठा वाटा त्यांच्याकडे आला. शॅडवेलजवळच सुमारे ८६७ फूट उंचीची एक टेकडी होती. त्या काळी व्हर्जिनियातील धनिक नदीकाठी घरे बांधीत, कारण माल, माणसे आणि पाणी सारे नदीमार्गे येई. जेफरसन यांनी मात्र टेकडीचा माथा निवडला आणि तिला ‘लहान डोंगर’ या अर्थाचे मॉन्टिसेलो हे इटालियन नाव दिले. १७६८ मध्ये माथ्यावरील २५० फूट लांब-रुंद जागा सपाट करण्याचा करार त्यांनी केला. त्याचा मोबदला पैशांत नव्हे, तर गहू आणि मक्याच्या रूपाने ठरला होता.

या निवडीची पहिली किंमत पाण्याने वसूल केली. १७६९ मध्ये माथ्यावर खडक फोडून ६५ फूट खोल विहीर खणण्यात आली. पाणी लागले, पण ते टिकले नाही. अनेक वर्षी ही विहीर आटली आणि उतारावरच्या झऱ्यांतून पाणी वर वाहून आणावे लागले. विटांची माती मळायला, चुना कालवायला, स्वयंपाकाला, सगळ्यालाच पाणी हवे होते. पुढे वृद्धापकाळी छपरावरचे पावसाचे पाणी साठविण्यासाठी त्यांनी घराभोवती चार टाकी बांधून घेतली. प्रत्येकात सुमारे ३,८०० गॅलन पाणी मावावे असा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण टाक्यांच्या आतील गिलावा पाणी धरीना. कागदावर भरलेली टाकी प्रत्यक्षात वर्षानुवर्षे गळत राहिली.

वास्तुशास्त्राचे शिक्षण जेफरसन यांनी कोठेही घेतले नव्हते. व्यवसायाने ते वकील होते. घराचे ज्ञान त्यांनी मिळविले ते पुस्तकांतून. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार आंद्रेआ पॅलाडिओ याचा ग्रंथ हा त्यांचा गुरू. खांबांची जाडी आणि उंची यांचे प्रमाण, दालनांची मांडणी, दर्शनी मंडपाचा डौल हे सारे त्यांनी त्या पानांवरून अभ्यासिले. १ फेब्रुवारी १७७० रोजी शॅडवेलचे घर आगीत भस्मसात झाले. त्यात त्यांची पुस्तके आणि कागदपत्रेही गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते टेकडीवर राहावयास गेले. तेव्हा तेथे उभी होती ती विटांची एक लहानशी इमारत. खाली स्वयंपाकघर आणि वर एकच खोली. १ जानेवारी १७७२ रोजी मार्था वेल्स स्केल्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच महिन्यात भर हिमवर्षावात वाटेत गाडी सोडून, घोड्यावरून नवदांपत्य रात्री टेकडीवर पोहोचले. नव्या नवरीच्या संसाराची सुरुवात त्या एका खोलीत झाली.

पहिले मॉन्टिसेलो हळूहळू आकार घेत गेले. विटा टेकडीवरच भाजल्या जात. लाकूड आजूबाजूच्या रानातून येई. क्रांतियुद्ध सुरू झाले, जेफरसन राजकारणात ओढले गेले आणि घर मात्र अर्धे-मुर्धे राहून वाट पाहत राहिले. १७८२ पर्यंत आठ खोल्यांचे, दुमजली मंडपाचे घर बरेचसे उभे राहिले होते. ६ सप्टेंबर १७८२ रोजी मार्था यांचे निधन झाले. घर पूर्ण झालेले त्यांनी कधीच पाहिले नाही.

१७८४ ते १७८९ या काळात जेफरसन राजनैतिक प्रतिनिधी म्हणून पॅरिसमध्ये होते. तेथे सीन नदीकाठी बांधल्या जात असलेल्या ‘ओतेल द साल्म’ या घुमटाच्या प्रासादाने त्यांना वेड लावले. बाहेरून एकमजली भासणारी, पण आत अनेक मजले सामावणारी फ्रेंच घरे त्यांना भावली. परतल्यावर स्वतःचेच घर त्यांना जुनाट वाटू लागले. घराला दोन खोल्या जोडणे किंवा रंगरंगोटी करणे एवढ्यावर हा गृहस्थ थांबणारा नव्हता. परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा देऊन घरी आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी वरचा मजला पाडावयास घेतला. आठ खोल्यांच्या जागी एकवीस खोल्या आणि माथ्यावर घुमट, असा नवा आराखडा होता.

घर पाडणे सोपे असते, उभे करणे कठीण, याचा अनुभव मग संपूर्ण कुटुंबाने घेतला. भिंती उघड्या पडल्या, छप्पर निघाले, विटांचे ढीग साचले, तरी कुटुंब त्यातच राहत होते. पाहुणेही येत होते. ऑक्टोबर १७९७ मध्ये धाकटी कन्या मारिया हिचा विवाह याच पसाऱ्यात पार पडला. तोवर जेफरसन देशाचे उपाध्यक्ष झाले होते. १८०१ मध्ये ते अध्यक्ष झाले. वर्षाचा मोठा काळ राजधानीत जाई आणि बांधकामाच्या सूचना टपालाने जात. त्यांच्या आराखड्यांतील काही मोजमापे दशांश चिन्हानंतर अनेक स्थळांपर्यंत काढलेली असत. इतकी सूक्ष्मता ना वीट पाळू शकत होती, ना करवत. या कागदी आकड्यांचे लाकडात रूपांतर करण्याची जबाबदारी १७९८ साली आलेल्या जेम्स डिन्समोर या आयरिश सुताराने आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या जॉन हेमिंग्ज या गुलाम कारागिराने पेलली.

हौशी माणसाच्या घरात कल्पकता आणि अडचण हातात हात घालून नांदतात. मॉन्टिसेलोच्या प्रवेशदालनातील मोठे घड्याळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. जेफरसन यांनी ते फिलाडेल्फियात बनवून घेतले होते. तोफगोळ्यांसारखी वजने दोरीने खाली उतरत आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांवरून आठवड्याचा दिवस कळे. घरात बसविताना असे आढळले की, आठवडाभराच्या दोरीला दालनाची उंची पुरत नाही. मग जमिनीला भोके पाडून वजने तळघरात सोडण्यात आली. शनिवार पाहायचा तर तळघरात उतरावे लागे! मोठे जिने जागा अडवितात म्हणून त्यांनी जिने अवघे दोन फूट रुंद आणि चढे ठेवले. परिणामी, अमेरिकेतील घरावरचा पहिला समजला जाणारा घुमट मोठ्या हौसेने बांधला गेला, पण त्याखालच्या सुंदर अष्टकोनी खोलीचा फारसा उपयोगच झाला नाही. दुसरीकडे, दिवाणखान्याच्या दुपाखी दाराची एक फळी ढकलली की दुसरी आपोआप उघडे. जमिनीखाली बसविलेल्या साखळीची ही करामत होती आणि ती अगदी यशस्वी ठरली.

सर्वांत मोठा शत्रू छप्पर. सपाट छपरावर फिरता यावे, अशी जेफरसन यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी लहान लहान आढी आणि त्यांमधल्या पन्हळी यांची नागमोडी रचना योजिली आणि तिच्यावर फळ्यांचा सपाट तक्ता टाकला. पाऊस फटींतून खाली उतरावा आणि पन्हळींतून वाहून जावा, ही कल्पना. प्रत्यक्षात पन्हळींत पाणी आणि बर्फ साचे, लाकूड कुजे आणि गळती सुरू होई. तरीही त्यांनी ही रचना सोडली नाही. पुढे स्वतः स्थापन केलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातही त्यांनी तीच वापरली आणि तेथेही ती गळली. १८०६ मध्ये बेडफर्ड परगण्यात त्यांनी ‘पॉप्लर फॉरेस्ट’ हे दुसरे, अष्टकोनी घर बांधावयास घेतले, तेव्हा पहिले घर अजून पुरे झालेले नव्हते. १८२५ मध्येही जॉन हेमिंग्ज त्या दुसऱ्या घराच्या छपराशी झगडत होते आणि कामाची हकीकत पत्रांतून जेफरसन यांना कळवीत होते.

या सर्व हौसेमागे हात कोणाचे होते, हा प्रश्न मॉन्टिसेलोच्या गोष्टीतून वगळता येत नाही. सर्व माणसे समान आहेत हे तत्त्व जगापुढे मांडणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. माती त्यांनी वाहिली, विटा त्यांनी भाजल्या, झऱ्याचे पाणी त्यांनी वर आणले. १७९४ मध्ये सुरू केलेल्या खिळ्यांच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले रोज आठ-दहा हजार खिळे ठोकून काढीत. जॉन हेमिंग्ज यांचे कुटुंब १७७३ मध्ये जेफरसन यांच्या सासऱ्यांच्या निधनानंतर वारशाने त्यांच्याकडे आले होते. जॉन यांची बहीण सॅली. तिच्या मुलांचे पिता जेफरसन हेच असावेत, असा निष्कर्ष १९९८ मधील जनुकीय चाचणी आणि कागदोपत्री पुरावे तपासून मॉन्टिसेलो चालविणाऱ्या संस्थेने २००० साली काढला. बेव्हर्ली, मॅडिसन आणि एस्टन हे सॅलीचे तिघे मुलगे मामाच्या हाताखाली सुतारकाम शिकले. म्हणजे त्या घराची लाकडे रंधणाऱ्यांत घरधन्याची स्वतःची मुलेही होती. मात्र कायद्याच्या दृष्टीने ती त्यांची मालमत्ता होती.

वारशाने माणसे आली तसे कर्जही आले. सासऱ्यांच्या जमिनीबरोबर त्यांची देणीही जेफरसन यांच्या माथी बसली. तंबाखू आणि गव्हाच्या उत्पन्नात ती फिटेनात. त्यात घराचा खर्च, पाहुण्यांची वर्दळ, पुस्तके आणि उंची मद्ये. १८१५ मध्ये त्यांनी आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरना अमेरिकी काँग्रेसला विकला. तेवढ्याने काही काळ श्वास घेता आला. पुढे एका मित्राच्या वीस हजार डॉलरच्या कर्जाला ते जामीन राहिले. १८१९ च्या आर्थिक अरिष्टात मित्र बुडाला आणि तो बोजाही त्यांच्यावर आला. इतके होऊनही बांधकामाची आवड सुटली नाही. पश्चिमेकडील मंडपाच्या खांबांचे काम पूर्ण व्हायला १८२० चे दशक उजाडले.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, जेफरसन यांनी मॉन्टिसेलोतच देह ठेवला. त्यांची शवपेटी जॉन हेमिंग्ज यांनी तयार केली. मागे एक लाख सात हजार डॉलरहून अधिक कर्ज उरले होते. मृत्युपत्राने त्यांनी पाच जणांना मुक्त केले. त्यांत जॉन हेमिंग्ज, मॅडिसन, एस्टन आणि लोहार जो फॉसेट होते. उरलेल्यांपैकी सुमारे १३० माणसांचा जानेवारी १८२७ मध्ये घरातील सामानासह लिलाव पुकारण्यात आला. जो फॉसेट यांना मुक्ती मिळणार होती, पण त्यांची पत्नी एडिथ आणि मुले वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेली. एडिथ ही मॉन्टिसेलोची मुख्य स्वयंपाकीण होती. पुढे फॉसेट यांनी कष्टाने पत्नीला आणि काही मुलांना सोडवून घेतले. सर्वांना सोडविणे त्यांना जमले नाही.

जेफरसन यांच्या कन्येलाही ते घर राखता आले नाही. १८३१ मध्ये मॉन्टिसेलो एका औषधविक्रेत्याने विकत घेतले. त्याने तेथे रेशमाचे किडे पाळण्याचा खटाटोप करून पाहिला. १८३४ मध्ये नौदल अधिकारी उरायाह लेव्ही यांनी ते घेतले आणि पडझड थांबविली. १९२३ मध्ये एका विश्वस्त संस्थेकडे ते आले आणि १९८७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठासह त्याचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

आपल्या समाधीवर कोरण्यासाठी जेफरसन यांनी तीनच गोष्टी निवडल्या होत्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि व्हर्जिनिया विद्यापीठाची स्थापना. त्यांत अध्यक्षपद नाही, तसेच घरही नाही. तरीही त्यांच्या स्वभावाची ओळख सर्वांत अधिक त्या घरातच होते. तळघरात उतरलेला शनिवार, अरुंद जिने, आपोआप उघडणारे दार हे सारे पाहणाऱ्याला आजही चकित करते. त्याच घराच्या विटांवर, त्या ओल्या असताना उचलणाऱ्या हातांच्या बोटांचे ठसे काही ठिकाणी अजून दिसतात. त्या बोटांच्या मालकांपैकी बहुतेकांची नावे मात्र कोणत्याही भिंतीवर कोरली गेली नाहीत.