खांसाहेब अब्दुल करीम खां आणि तंबोरा

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खां यांचा जन्म १८७२ सालीं उत्तरेंतील कैराना गांवीं झाला. पुढें ते मिरजेस स्थायिक झाले. मिरज हें तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचें गांव. खांसाहेब स्वतःही वाद्यें दुरुस्त करीत. चांगला भोपळा व मुरलेलें लांकूड तंबोऱ्यास हवेंच. परंतु नक्षीकामानें केवळ किंमत वाढते. नाद खुलतो तो जवारीनें, म्हणजे घोडीवर तारेखालीं नेमका सरकविलेल्या सुताच्या दोऱ्यानें. तो चुकल्यास भारी तंबोराहि मुका भासतो. १९३७ सालीं मद्रासजवळील लहानशा रेल्वेस्थानकावर तंबोऱ्याच्या सुरांत ईश्वरस्मरण करीत खांसाहेबांनीं देह ठेविला. बालमित्रहो, मंगरूळपीरांत ज्याच्या घरीं साधेंच वाद्य असेल, त्यानें खंत न करितां तें सुरांत लावण्यास शिकावें.