रिचर्ड बर्टन आणि ‘संतांचे नगर’

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उदय पावलेल्या मॉर्मन पंथाविषयी इंग्रजीत जे विपुल लेखन झाले, त्यात उपहास आणि धिक्कार यांचाच भरणा अधिक आहे. या गर्दीत १८६१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ‘द सिटी ऑफ द सेंट्स’ हा सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ वेगळा उठून दिसतो. त्याचा कर्ता रिचर्ड फ्रान्सिस बर्टन भारतीय अभ्यासकांना परिचित आहे तो मुख्यतः कामसूत्राच्या आणि अरबी कथांच्या इंग्रजी भाषांतरामुळे. मॉर्मनांच्या नगरीची त्याची यात्रा हा त्याच्या चरित्रातील एक आडवळणाचा प्रसंग समजला जातो. वस्तुतः भारतात त्याने अंगी बाणवलेली अवलोकनाची रीत येथे कसोटीला लागली. तिचे सामर्थ्य येथे दिसले, तशी तिची उणीवही दिसली. हीच उणीव पुढे एका संस्कृत ग्रंथाच्या भाषांतरातही उमटली, म्हणून भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने या प्रसंगाची दखल घेणे अगत्याचे आहे.

बर्टनचा जन्म १९ मार्च १८२१ रोजी इंग्लंडमधील टॉर्की येथे झाला. वडील सैन्यातील अधिकारी. परंतु कुटुंबाचा मुक्काम बहुधा फ्रान्स आणि इटली या देशांत असल्यामुळे त्याचे बालपण मायदेशाबाहेर गेले. अनेक भाषा त्याच्या कानांवर लहानपणापासून पडल्या आणि कोणत्याही एका भूमीशी त्याचे नाते घट्ट जुळले नाही. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयात तो १८४० मध्ये दाखल झाला. शिस्तभंगाबद्दल १८४२ मध्ये त्याला तेथून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारपद मिळवून तो ऑक्टोबरमध्ये मुंबई बंदरात उतरला.

बडोद्यास अठराव्या पलटणीत असताना त्याने भाषाभ्यासाचा झपाटा लावला. हिंदुस्थानी आणि गुजराती यांच्या सरकारी परीक्षा तो १८४३ मध्ये उत्तीर्ण झाला. पुढे मराठीचीही परीक्षा त्याने दिली. बडोद्याच्या नागर ब्राह्मण गुरूने आपल्याला जानवे घालण्याची अनुज्ञा दिली होती, असे तो सांगत असे. १८४४ मध्ये तो सिंधच्या सर्वेक्षण खात्यात गेला. तेथे बुशहरचा व्यापारी मिर्झा अब्दुल्ला असे सोंग घेऊन तो बाजारपेठांत वावरला, दुकान मांडून बसला, सूफींच्या संगतीत राहिला. परक्या समाजाचे ज्ञान कचेरीतल्या कागदांवरून होत नाही, त्या समाजाच्या ओसरीवर बसूनच ते मिळवावे लागते, ही त्याची धारणा येथे पक्की झाली.

मात्र ही समरसता सर्वत्र सारखी नव्हती. प्रकृतीच्या कारणास्तव रजा घेऊन १८४७ मध्ये तो गोव्यास आणि निलगिरीस गेला. त्या प्रवासावर त्याने १८५१ मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात गोमंतकातील मिश्र वंशाच्या ख्रिस्ती समाजाविषयी तुच्छतेचा सूर स्पष्टपणे लागला आहे. ज्या समाजात सत्ता, शिस्त आणि आत्मविश्वास दिसेल त्याविषयी आदर, आणि ज्याचे वैभव ओसरले त्याविषयी अनादर, असा त्याच्या मनाचा कल होता. मॉर्मनांविषयीच्या त्याच्या लेखनाचे मर्म समजण्यास हा कल ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

१८४९ मध्ये आजारी अवस्थेत त्याने भारत सोडला. पुढील दशकातील साहसांनी त्याची कीर्ती सर्वतोमुखी झाली. १८५३ मध्ये मुसलमान यात्रेकरूच्या वेषात तो मदिना व मक्का येथे जाऊन आला. १८५५ च्या आरंभी त्याने हरार शहरात प्रवेश मिळवला. जॉन स्पीकसह नाईल नदीच्या उगमाच्या शोधात निघून १८५८ मध्ये तो टांगानिका सरोवराच्या तीरी पोहोचला. या मोहिमेचे श्रेय कोणाचे, यावरून दोघांत वितुष्ट आले. स्पीक आधी लंडनला पोहोचला आणि पुढच्या मोहिमेचे नेतृत्वही त्यालाच मिळाले. शरीराने खचलेल्या, मनाने कडवटलेल्या बर्टनने १८६० च्या वसंतात अमेरिकेची वाट धरली.

ज्या पंथाची राजधानी पाहण्यास तो निघाला, त्याचा इतिहास तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० मध्ये न्यू यॉर्क राज्यातील पाल्मायरा या गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. सुवर्णपत्रांवर कोरलेल्या प्राचीन लेखाचे ईश्वरी साहाय्याने केलेले हे भाषांतर आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी त्याने आपला धर्मसंघ स्थापन केला. भाषांतर म्हणून जगापुढे आलेल्या ग्रंथावर उभा राहिलेला हा पंथ स्वतःला उत्तरकालीन संतांचा संघ म्हणवतो. मराठी वाचकाच्या मनात ‘संत’ हा शब्द ज्ञानदेव-तुकारामांची स्मृती जागवतो. येथे त्याचा अर्थ श्रद्धावान सभासद एवढाच. शेजाऱ्यांच्या वैरामुळे या मंडळींना एकामागून एक राज्ये सोडावी लागली. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडील ओसाड प्रदेशात गेले आणि जुलै १८४७ मध्ये खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात त्यांनी वसाहत केली. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीकत्व हे धर्मतत्त्व म्हणून उघडपणे जाहीर केले, आणि अमेरिकेचा रोष शिगेला पोहोचला. १८५७ मध्ये संघराज्याचे सैन्य यूटावर चालून गेले; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात माउंटन मेडोज येथे सुमारे एकशे वीस स्थलांतरितांची मॉर्मनांच्या हातून कत्तल झाली.

या पंथाच्या प्रचारकांनी भारतातही पाऊल टाकले होते. १८५० नंतरच्या काही वर्षांत ते कलकत्त्यास आले, आणि १८५२ मध्ये ह्यू फिंडले या स्कॉटिश प्रचारकाने मुंबई व पुणे येथे कार्य आरंभिले. त्यास मिळालेले अनुयायी मोजकेच, आणि थोड्याच वर्षांत तो उद्योग आवरता घ्यावा लागला. बर्टन तोपर्यंत भारतातून निघून गेला होता. या पंथाशी त्याची प्रत्यक्ष गाठ पडली ती पंथाच्या स्वतःच्या भूमीतच.

७ ऑगस्ट १८६० रोजी मिसूरीतील सेंट जोसेफ येथून टपालाच्या घोडागाडीने निघून बर्टन २५ ऑगस्टला सॉल्ट लेक सिटीत दाखल झाला. तेथे त्याचा मुक्काम जवळजवळ चार आठवडे झाला. राज्यपाल आल्फ्रेड कमिंग याच्या मध्यस्थीने त्याने ब्रिगम यंगची भेट घेतली. यंगने त्याला आफ्रिकेतील प्रवासाविषयी प्रश्न विचारले. ज्याला पूर्वेकडील राज्यांतील वृत्तपत्रे राक्षस म्हणून रंगवीत होती, तो मनुष्य बर्टनला शांत, मितभाषी, सुखवस्तू शेतकऱ्यासारखा दिसला. आपणास पंथात घ्यावे अशी विनंती बर्टनने केली, आणि असले सोंग त्याने पूर्वीही घेतले असल्याचे ओळखून यंगने ती हसत नाकारली, अशी आख्यायिका मागाहून सांगण्यात येऊ लागली. ती खरी असो वा नसो, मक्केच्या यात्रेकरूची कीर्ती त्याच्या आधी तेथे पोहोचली होती, एवढे तीवरून सूचित होते.

२० सप्टेंबरला त्याने ते नगर सोडले आणि कॅलिफोर्नियामार्गे तो मायदेशी परतला. जानेवारी १८६१ मध्ये इझाबेल अरंडेल या कॅथलिक तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ग्रंथ बाहेर पडला. त्याची मांडणी बर्टनच्या नेहमीच्या धाटणीची आहे. वाटेवरील मुक्काम, अंतरे, वनस्पती, मूळ रहिवाशांच्या चालीरीती आणि त्यांची खुणांची भाषा यांची बारीक नोंद त्यात आहे. मॉर्मनांच्या श्रद्धेची कलमे एकेक करून दिली आहेत आणि त्यांवर टीपा लिहिल्या आहेत. पंथाच्या बाजूने व विरुद्ध लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची सूची जोडली आहे. स्मिथच्या हत्येची हकीकत, त्या वेळी त्याच कोठडीत जखमी झालेल्या जॉन टेलरच्या लेखणीतून आलेली, परिशिष्टात समाविष्ट केली आहे. वादातील दोन्ही पक्षांना कागदोपत्री आपापले म्हणणे मांडू देण्याची ही पद्धत त्या विषयावरील लेखनात दुर्मीळ होती.

बहुपत्नीकत्वाचे विवेचन हा ग्रंथाचा सर्वाधिक गाजलेला भाग. ज्या प्रथेचे नाव घेताच इंग्लंड-अमेरिकेतील लेखक कानांवर हात ठेवीत, तिच्याकडे बर्टनने समाजशास्त्रज्ञाच्या अलिप्ततेने पाहिले. नव्या भूमीत लोकवस्ती वाढवण्याची निकड, घरकामास मोलकरणींचा अभाव, संसाराची काटकसर, ही कारणे त्याने पुढे केली. ही प्रथा त्याने पूर्वेकडे पाहिली होती, म्हणून तिच्या दर्शनाने तो दचकला नाही. त्याच काळातील अन्य लेखनाशी तुलना केली असता या संयमाचे मोल कळते. १८५५ पासून मॉर्मनांच्या अंतःपुरातील जुलमांच्या काल्पनिक कहाण्यांना बाजारात मोठी मागणी होती. मार्क ट्वेन १८६१ मध्ये त्याच नगरातून गेला आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्याने पंथाच्या ग्रंथाची मनसोक्त थट्टा केली. शेरलॉक होम्सचा प्रथम प्रवेश ज्या कादंबरीत झाला, त्या १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’चा उत्तरार्ध सक्तीचे विवाह आणि मॉर्मनांच्या गुप्त मारेकऱ्यांची टोळी यांवरच आधारलेला आहे. कॉनन डॉयलने यूटा पाहिले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९२३ मध्ये. तेव्हा त्याच मॉर्मनांनी आपल्या भव्य सभागृहात त्याचे व्याख्यान करविले. एक अख्खा समाज कथेतील खलनायक ठरावा, आणि तो ठरविणाऱ्याने त्याला पाहिलेलेही नसावे, अशा वातावरणात बर्टनचा ग्रंथ हे न्यायबुद्धीचे कृत्य होते.

तथापि या न्यायबुद्धीला एक बाजू ऐकू आली नाही. बर्टन बोलला तो पंथाच्या नेत्यांशी, वडीलधाऱ्या पुरुषांशी, अधिकाऱ्यांशी. बहुपत्नीक घरांचे दरवाजे परक्या पुरुषाला सहजी उघडणारे नव्हते, आणि सोंग घेऊन आत शिरण्याची त्याची विद्या येथे निरुपयोगी होती. स्त्रीचा म्हणून जो आवाज त्याने आपल्या ग्रंथात घेतला, तो बेलिंडा प्रॅट हिच्या आधीच छापलेल्या पत्राचा. आणि ते पत्र त्या प्रथेच्या समर्थनार्थ लिहिलेले होते. समर्थन करणारी स्त्री खोटे बोलत होती असे मानण्यास कारण नाही. पण त्याच नगरात दुसरेही काही बोलले जाण्याच्या वाटेवर होते. मुक्कामात बर्टनला मदत करणाऱ्यांत स्टेनहाउस नावाचा एक वडील उपदेशक होता. पुढे तो पंथाबाहेर पडला, आणि त्याची पत्नी फॅनी स्टेनहाउस हिने १८७४ मध्ये ‘टेल इट ऑल’ हे आत्मकथन लिहून बहुपत्नीक संसारातील स्त्रीचे दुःख जगापुढे मांडले. दुसरीकडे, जोसेफ स्मिथची आणि त्याच्या मृत्यूनंतर ब्रिगम यंगची पत्नी झालेली एलायझा स्नो ही पंथाची मान्यवर कवयित्री होती; तिचा पहिला काव्यसंग्रह बर्टनच्या यात्रेपूर्वीच, १८५६ मध्ये लिव्हरपूलला छापला गेला होता. १८७२ पासून सॉल्ट लेक सिटीतील स्त्रिया ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे स्वतःचे नियतकालिक चालवू लागल्या, आणि त्यात त्यांनी आपल्या धर्माचा कैवार व स्त्रियांच्या मताधिकाराचा आग्रह एकाच वेळी धरला. या सर्व स्त्रिया एकमताच्या नव्हत्या. परंतु त्यांना स्वतःची भाषा होती. ती भाषा बर्टनच्या ग्रंथात शोधली असता जवळजवळ सापडत नाही.

यानंतरचे त्याचे आयुष्य परराष्ट्र खात्याच्या नोकरीत गेले. फर्नांदो पो, ब्राझीलमधील सांतोस, दमास्कस अशा ठिकाणी वकिलातीची कामे करून १८७२ पासून तो त्रिएस्त येथे स्थिरावला. वेताळपंचविशीच्या कथांचा स्वैर इंग्रजी अवतार त्याने १८७० मध्ये काढला होता. १८७६ मध्ये त्याने मुंबई, सिंध आणि गोवा यांना पुन्हा भेट दिली. १८८३ मध्ये कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर खाजगीरीत्या प्रसिद्ध झाले. त्यातील संस्कृत संहितेचे कष्ट वस्तुतः पंडित भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांचे. मुंबई इलाख्यात अधिकारी राहिलेल्या फॉर्स्टर आर्बथनॉट याने ते काम पुढे नेले आणि बर्टनने त्यावर इंग्रजीचा शेवटचा हात फिरवला. नाव मात्र बर्टनचे झाले. भारतीय पंडितांची नावे दीर्घकाळ आडोशालाच राहिली. वेंडी डॉनिगर आणि सुधीर कक्कर यांच्या २००२ मधील नव्या भाषांतराच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट पुढे आली. मूळ सूत्रांत जेथे स्त्री आपल्या तोंडाने बोलते, तेथे जुन्या इंग्रजी भाषांतरात तिचे बोलणे अनेकदा दुसऱ्याने सांगितलेल्या वृत्तांताचे रूप घेते, असे डॉनिगर यांनी दाखवून दिले. सॉल्ट लेक सिटीत जे अनवधानाने झाले, ते येथे वाक्यरचनेतच उतरले.

मराठी वाचकाला कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे परिचित असलेल्या अरबी कथांचे बर्टनकृत भाषांतर १८८५ ते १८८८ या काळात निघाले आणि आयुष्यात प्रथमच त्याला द्रव्यलाभ झाला. १८८६ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. २० ऑक्टोबर १८९० रोजी त्रिएस्त येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर इझाबेलने त्याचे अखेरचे भाषांतर आणि रोजनिशांचा मोठा भाग अग्नीच्या स्वाधीन केला. आयुष्यभर इतरांचे गुपित टिपून घेणाऱ्या या मनुष्याचे स्वतःचे म्हणणे अशा रीतीने बरेचसे नाहीसे झाले, आणि १८९३ मध्ये पत्नीनेही त्याचे चरित्र लिहिले. लंडनजवळ मॉर्टलेक येथे तंबूच्या आकाराच्या दगडी समाधीत दोघांचे अवशेष विसावले आहेत.

त्याच्या मृत्यूच्या अवघा महिनाभर आधी, सप्टेंबर १८९० मध्ये, मॉर्मन पंथाचा तत्कालीन अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ याने नव्या बहुपत्नीक विवाहांचा त्याग घोषित करणारे पत्रक काढले, आणि सहा वर्षांनी यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. ज्या व्यवस्थेचे चित्र बर्टनने रेखाटले होते ती अशा रीतीने इतिहासजमा होऊ लागली. चित्र मागे उरले. निंदेच्या काळात निंदा न करण्याचे धैर्य त्यात आहे, म्हणून त्या पंथाचा इतिहासकार आजही त्याकडे वळतो. पण त्याच्या शेजारी फॅनी स्टेनहाउसचे आत्मकथन, एलायझा स्नोच्या कविता आणि त्या नियतकालिकाचे जुने अंक ठेवल्यावाचून ते नगर पुरते दिसत नाही. जसे भगवानलाल आणि भिडे यांची नावे उच्चारल्यावाचून ते कामसूत्रही पुरते वाचले जात नाही.