जमशेटजी टाटा: मुंबईची पेढी, नागपूरची गिरणी

कारखाना नागपुरात आणि कंपनीचे कार्यालय मुंबईत, ही व्यवस्था १८७७ साली धाडसाचीच होती. दोन्ही शहरांमध्ये आठशेहून अधिक किलोमीटरचे अंतर होते आणि नागपूरला रेल्वे येऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते वडिलांच्या पेढीत रुजू झाले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले. त्या वेळी लंडनमध्ये असलेल्या जमशेटजींनी पेढीची खरी स्थिती धनकोंपुढे मांडली, काहीही लपवले नाही. परिणामी धनकोंनी त्यांनाच महिना २० पौंड वेतनावर पेढीचे अवसायक नेमले. दिवाळखोरीच्या व्यवहारात असा प्रसंग विरळाच.

पुढे नागपूरजवळचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा लक्षात घेऊन त्यांनी तेथे एम्प्रेस मिल उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. व्यवस्थापनाची सूत्रे बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपवण्यात आली. मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापड उद्योगाचा त्यांना अनुभव नव्हता. तांत्रिक बाजू लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी सांभाळत. आरंभीची यंत्रे निकृष्ट निघाली, समभागांचा भाव उतरला. जमशेटजींनी यंत्रे बदलली, माणसे मात्र बदलली नाहीत.

कामगारांची गैरहजेरी ही खरी डोकेदुखी होती. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी गिरणीत बक्षिसे देण्याची प्रथा पडली. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात भरपाईची योजना सुरू झाली. अपघात भरपाईचा कायदा देशात १९२३ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनेचे मोल कळते. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीतच तयार केले जाई.

या माणसांची कसोटी लवकरच लागली. १८८६ साली जमशेटजींनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिले. ती सावरताना त्यांची पत पणाला लागली. तेव्हा नागपुरात मुरलेली माणसे कुर्ल्यात कामास आली आणि स्वदेशी मिल सावरली.

जमशेटजींचे १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नॉयहाइम येथे निधन झाले. त्यांनी आखलेला पोलाद कारखाना १९०७ साली कंपनीच्या रूपाने आकाराला आला.