गुस्ताफ द लाव्हाल: तोल सांभाळणारा माणूस

मी साहित्याची विद्यार्थिनी, मग एका इंजिनिअरचं चरित्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. माझं घर बारडोलीत. इथल्या सहकारी साखर कारखान्यात उसाच्या रसाचा घट्ट पाक जाळीच्या पिंपात जोरात फिरवतात. मळी बाहेर फेकली जाते, साखरेचे दाणे आत राहतात. आपल्या लॅबमधलं सेंट्रिफ्यूजही याच तत्त्वावर चालतं. इतक्या वेगाने फिरणारं यंत्र मोडू न देता कसं चालवायचं, हे ज्यांनी दाखवलं त्यांत गुस्ताफ द लाव्हाल हे नाव मोठं आहे.

त्यांचा जन्म १८४५ साली स्वीडनमधल्या ऑर्सा इथे झाला. उप्साला विद्यापीठातून १८७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेव्हा साय काढायची तर दूध तासन्‌तास तसंच ठेवावं लागे. १८७८ मध्ये त्यांनी फिरत्या भांड्याचं यंत्र केलं. जड दूध कडेला जाई, हलकी साय मध्याशी राही आणि दोन्ही सतत वेगवेगळी बाहेर पडत. १८८३ मध्ये त्यासाठी कंपनीही निघाली.

पुढे ते वाफेच्या टर्बाइनकडे वळले. त्याचा वेग मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत जाई. चाक कितीही जपून घडवलं तरी तोल केसभर चुकतोच, आणि एका ठरावीक वेगाला थरथर इतकी वाढते की यंत्र मोडावं. कुणीही म्हणालं असतं, दांडा जाड करा. द लाव्हाल यांनी तो उलट बारीक आणि लवचीक केला. धोक्याचा वेग ओलांडला की चाक आपलं आपण सावरून शांत फिरू लागे.

पैसा मात्र त्यांच्या हाती टिकला नाही. मिळालेलं सगळं ते नव्या प्रयोगांत आणि कंपन्यांत घालत गेले. १९१३ मध्ये स्टॉकहोमला ते वारले, तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं.

आपल्यासाठी उरलं ते त्यांचं शहाणपण. समोरासमोरच्या नळ्या नुसत्या सारख्या भरलेल्या नकोत, सारख्या वजनाच्या हव्यात. झाकण नीट लावायचं. बटण दाबून लगेच निघून जायचं नाही, पूर्ण वेग येईपर्यंत तिथेच थांबायचं, कारण धोक्याचा वेग वाटेतच लागतो. थरथर किंवा वेगळा आवाज आला तर यंत्र ताबडतोब बंद. आणि फिरणं पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. सायन्सच्या मित्रमैत्रिणींनो, ही दोन मिनिटं वाचवू नका.