सापळे लावणारे हात : ग्रे आऊल यांचे जीवन

थोरांची चरित्रे आपण वाचतो ती त्यांचे गुण आपल्या अंगी यावेत म्हणून. या वेळी मी जे चरित्र निवडले आहे, त्यातून एक गुण घ्यायचा आहे आणि एक चूक टाळायचीही आहे. कॅनडाच्या जंगलात वीस वर्षे प्राण्यांना सापळ्यात पकडणारा आणि नंतर त्याच प्राण्यांचा रखवालदार झालेला हा माणूस. जग त्यांना ग्रे आऊल, म्हणजे करडे घुबड, या नावाने ओळखत होते.

त्यांचे खरे नाव आर्चिबाल्ड बेलानी. जन्म १८ सप्टेंबर १८८८ रोजी इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी. वडील व्यसनी होते, ते घर सोडून गेले. आर्चीला आजी आणि दोन आत्यांनी वाढवले. आत्या शिस्तीच्या कडक होत्या. आईवडिलांविना वाढणारा हा मुलगा घरात साप, बेडूक पाळायचा आणि अमेरिकेतील आदिवासींच्या गोष्टी वाचून एकटाच त्यांचे खेळ खेळायचा. शाळा सुटल्यावर लाकडाच्या वखारीत कारकुनी लागली, पण त्यात मन रमले नाही. १९०६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो बोटीने कॅनडाला गेला आणि पुढे ओंटारिओ प्रांतातील टेमागामी सरोवराकाठी पोहोचला.

तेथे ओजिब्वे आदिवासी राहत होते. होडी वल्हवणे, बर्फावर चालणे, माग ओळखणे आणि सापळे लावणे, हे सगळे ते त्यांच्याकडून शिकले. १९१० मध्ये त्यांनी अँजेल एग्वुना या ओजिब्वे मुलीशी लग्न केले.

आता सापळ्यांचे काम काय होते ते समजून घेऊ. बीव्हर हा उंदीर-खारीच्या वर्गातला, पण वीस किलोहूनही जास्त वजन भरू शकणारा पाण्यातला प्राणी. दातांनी झाडे पाडतो, ओढ्यावर काटक्या-चिखलाचा बंधारा घालतो, तळे तयार करतो आणि त्यात घर बांधतो. त्याच्या अंगावरच्या दाट, मऊ केसांना युरोपात फार मागणी होती. आधी टोप्यांसाठी, नंतर कोटांसाठी. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी याच धंद्यावर मोठी झाली. तिच्या व्यवहारात बीव्हरचे कातडे हेच मोजमाप होते. बंदूक असो की कांबळे, किंमत अमुक इतकी कातडी अशी सांगत.

सापळा पोलादाचा असे. दोन जबडे, दोन स्प्रिंगा आणि मध्ये एक लहान पत्रा. पत्र्यावर पाय पडला की जबडे मिटत. नवा सापळा तसाच लावून चालत नसे. त्याला तेलाचा वास असतो आणि लोखंड चकाकते. म्हणून तो झाडाच्या सालींबरोबर पाण्यात उकळत. त्याने वास जाई, रंग काळपट होई आणि गंजही कमी चढे. नंतर तो उघड्या हाताने धरायचा नाही, हातमोजे घालायचे. बीव्हर काठावर जेथे चढतो, तेथे चार बोटे पाण्याखाली सापळा ठेवायचा आणि जवळच्या काटकीला बीव्हरच्याच ग्रंथीतील वासाचा पदार्थ लावायचा.

पण खरे कसब होते ते सापळा बांधून ठेवण्यात. यासाठी एक लांब वाळलेली काठी घेत. ओली घेतली तर बीव्हर ती कुरतडून तोडेल! काठीचे एक टोक काठावर पक्के करायचे आणि दुसरे खोल पाण्यात चिखलात रोवायचे. सापळ्याच्या साखळीची कडी या काठीत ओवायची. घाबरलेला बीव्हर नेहमी खोल पाण्याकडे बुडी मारतो. त्याच्याबरोबर कडी काठीवरून खाली घसरते, पण काठीवर मुद्दाम ठेवलेल्या फांदीच्या खुंटामुळे पुन्हा वर येत नाही. सापळ्याच्या वजनाने प्राणी तेथेच बुडून मरतो. काठी कच्ची रोवली किंवा पाणी उथळ निघाले, तर प्राणी सापळ्यासह पळतो किंवा स्वतःचा पाय तोडून निसटतो आणि मग तडफडत मरतो. म्हणून सापळा पक्का बांधणे ही त्या निर्दय धंद्यातली एकमेव दया होती.

या कामात ते तरबेज झाले. ओजिब्वे कुटुंबांची शिकारीची जंगले वाटलेली असत. घरातले सगळे बीव्हर ते कधी मारत नसत, पुढच्या वर्षासाठी काही राखत. पण रेल्वे आली, बाहेरचे शिकारी आले आणि हा नियम मोडला. तळीच्या तळी ओस पडली.

मधल्या काळात ते पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात गेले. १९१६ मध्ये पायाला जखम झाली, ती जन्मभर दुखत राहिली. अँजेल आणि लहान मुलीला ते आधीच मागे सोडून गेले होते. इंग्लंडमध्ये त्यांनी दुसरे लग्न केले, तेही टिकले नाही. या गोष्टी सांगायला बऱ्या वाटत नाहीत, पण चरित्र सांगायचे तर झाकून कसे चालेल?

१९२५ मध्ये त्यांना गर्ट्रूड बर्नार्ड भेटल्या. त्या मोहॉक वंशाच्या होत्या आणि पुढे अनाहारिओ या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्या पतीबरोबर सापळ्यांच्या फेरीवर गेल्या आणि गोठलेली, वेदनेने वाकडी झालेली जनावरे पाहून हादरल्या. हे काम सोडा, असा त्यांनी आग्रह धरला. पण पोट कशावर भरायचे? धंदा चालू राहिला.

१९२८ चा वसंत ऋतू. क्यूबेक प्रांतातील एका तळ्यावर बीव्हरची आई सापळ्यात गेली. तळ्यातून दोन पिल्लांचे बारीक रडणे ऐकू येत होते. आईविना ती जगणार नव्हती. ग्रे आऊल यांनी बंदूक उचलली होती, पण अनाहारिओंनी पिल्ले वाचवण्याची विनवणी केली. दोन्ही पिल्ले होडीत आली. त्यांची नावे ठेवली मॅकगिनिस आणि मॅकगिंटी. ती अंगावर चढत, कुशीत झोपत, लहान मुलांसारखी हट्ट करत. त्यांना पाहता पाहता या पारध्याचे मन बदलले आणि त्यांनी बीव्हर मारणे कायमचे सोडले. पुढच्या वर्षी ती पिल्ले जंगलात नाहीशी झाली, पुन्हा कधी सापडली नाहीत. मग जेली रोल आणि रॉहाइड हे दोन बीव्हर त्यांच्याकडे वाढले.

उत्पन्न बंद झाले होते. तेव्हा ते लिहू लागले, व्याख्याने देऊ लागले. १९३१ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने त्यांना नोकरी दिली. सस्कॅचवान प्रांतातील प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात, अजावान तळ्याकाठी, त्यांना लाकडी केबिन मिळाली. बीव्हरांनी आपले घर त्या केबिनच्या आतपर्यंत आणून बांधले! ज्या हातांनी काठ्या रोवून सापळे बांधले, तेच हात आता पिल्लांना खाऊ घालत होते. बीव्हर कोठे चढतो, कशाला घाबरतो, कोठे बुडी मारतो, हे पारध्याचे सगळे ज्ञान आता त्याच्या रक्षणासाठी उपयोगी पडले.

त्यांची पुस्तके गाजली. १९३५-३६ आणि १९३७ मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. १९३६ मध्ये लेस्टर शहरात त्यांचे व्याख्यान ऐकायला दोन भाऊ बसले होते. थोरले रिचर्ड ॲटनबरो, ज्यांनी पुढे गांधीजींवर चित्रपट काढला आणि १९९९ मध्ये ग्रे आऊल यांच्यावरही. धाकटे डेव्हिड ॲटनबरो, निसर्गपटांमुळे जगाला माहीत झालेले. डिसेंबर १९३७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजकन्या एलिझाबेथ यांनीही त्यांना ऐकले.

१३ एप्रिल १९३८ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. लगेच नॉर्थ बे गावच्या वर्तमानपत्राने, तीन वर्षे दाबून ठेवलेली बातमी छापली. ग्रे आऊल आदिवासी नव्हते, ते हेस्टिंग्जचे इंग्रज होते! आपली आई अपाची वंशाची होती असे ते सांगत. केस रंगवत, कातडी सावळी करत. सगळीकडे खळबळ माजली. त्यांच्या कामालाही लोक ढोंग म्हणू लागले. ते नाव सावरायला कित्येक वर्षे लागली.

विद्यार्थी मित्रांनो, चांगल्या कामासाठी खोटे बोलले तर चालेल का? वर्गात यावर जरूर चर्चा करा. माझे मत असे की बीव्हरांबद्दल त्यांनी जे सांगितले ते खरे होते, कारण त्यामागे वीस वर्षांचा अनुभव आणि खरा पश्चात्ताप होता. त्याला खोट्या जन्मकथेची गरज नव्हती. त्या खोट्याची किंमत कामाने चुकवली आणि ज्या आदिवासींकडून ते सगळे शिकले, त्यांच्या जागी उभे राहून ते बोलले, हा त्या लोकांवरही अन्याय झाला. ज्यांच्या एका विनवणीने पिल्ले वाचली, त्या अनाहारिओंना कॅनडाचा मोठा राष्ट्रीय सन्मान १९८३ मध्ये मिळाला.

१९७५ मध्ये बीव्हर कॅनडाचे राष्ट्रीय प्रतीक झाला. ओस पडलेल्या कितीतरी तळ्यांत तो परत आला आहे. ग्रे आऊल यांची समाधी अजावान तळ्याकाठी, केबिनजवळच आहे.

माणूस चाळिशीतही बदलू शकतो, हा त्यांच्याकडून घ्यायचा धडा. पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही तो लागू आहे. आणि बदलताना आपले खरे नाव लपवू नये, हा दुसरा.